हात दिसला की ढकलायचं

रविवार, ११ एप्रिल १९९३. ईस्टर

हॅम खारट झाला. कोरीन म्हणाली, ठीक आहे, म्हणजे नक्कीच खारट झाला होता. माझी बायको अर्लिस जाऊन तीन वर्षं होतील, पण हॅम किती वेळ पाण्यात ठेवायचा ते मला अजून जमलेलं नाही.

बटाटे वाढता वाढता कोरीनने बातमी सांगितली. ड्वेन प्रिबिल क्लबमधून बाहेर पडला आणि त्याने मिजेट गाड्यांची, म्हणजे शर्यतीच्या छोट्या मोटारींची, स्वतःची संघटना काढली. शोअरलाइन मिजेट असोसिएशन. दर शुक्रवारी टिश बेला, तलावाकाठच्या ट्रॅकवर शर्यती. आमच्या केटल व्हॅली क्लबच्या शर्यती शनिवारी लुडेनबर्गला असतात, पंचावन्न वर्षांपासून. या भागात मिजेटची शर्यत घ्यायची तर नियम आमचे, विमा आमचा, गुण आम्ही मांडणार आणि विजेता आम्ही ठरवणार. त्यात दुसरा कुणी कशाला हवा?

ड्वेनची तक्रार जुनीच आहे. क्लबच्या नियमाप्रमाणे शर्यतीसाठी खास बनवलेलं इंजिन लागतं. ते आता साध्या माणसाला झेपत नाही, मोडीतल्या मोटारीचं इंजिन बसवू द्या, असं तो तीन सभांत ओरडला आणि तिन्ही वेळा हार्लनने त्याला खाली बसवलं. हार्लन व्हॉस आमचा अध्यक्ष. मी उपाध्यक्ष, पण ते कागदावर. माझं खरं काम पिकअप चालवायचं.

मी म्हणालो, ड्वेन चौथ्या जुलैपर्यंत गाशा गुंडाळेल. कोरीन म्हणाली, "मला काय, बाबा. गाडी पळवायला मिळाली की झालं."

मंगळवार, २० एप्रिल

समितीची बैठक. हार्लनने नवा नियम मांडला: ड्वेनच्या शर्यतीत जो गाडी उतरवेल त्याचे क्लबमधले सगळे गुण रद्द, आणि उरलेला हंगाम तो निलंबित. आम्ही पाच जण. दोघं बाजूने, दोघं विरुद्ध. विरुद्ध असणाऱ्यांत ल्युसिल होती. ती बावीस वर्षं आमच्या फेऱ्या मोजते आणि तिच्या कागदावर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी हात वर केला. क्लब फुटला की दोन्हीकडे काही उरत नाही, असं मला वाटतं. तेवढंच माझं कारण होतं.

ल्युसिलने माझ्यासाठी रूबार्बचा पाय, आंबटगोड सारण भरून भाजलेला, आणला होता. तो हातात द्यायचा सोडून तिने पिकअपच्या टपावर ठेवला आणि निघून गेली. मी तसाच निघालो असतो तर पहिल्याच वळणावर तो रस्त्यात गेला असता. बाई कधी कधी चमत्कारिक वागते. पाय चांगला होता.

शनिवार, १५ मे

दोन शनिवार पावसात गेले, आज एकदाची पहिली शर्यत झाली. एकोणीस गाड्या. गेल्या वर्षी पहिल्या शनिवारी सत्तावीस होत्या. हार्लन म्हणतो, पावसाने लोक घाबरले.

विमा कंपनीचा नवा माणूस टाय लावून आला होता. त्याने विचारलं, या गाड्या आपल्या आपण का सुरू होत नाहीत? दर वर्षी कुणीतरी विचारतंच. मिजेटला स्टार्टर नसतो आणि क्लचही नसतो. वजन वाचवायला सगळं काढून टाकलेलं असतं. ड्रायव्हर आत बसतो, पट्टे आवळतो, गिअर टाकतो आणि हात वर करतो. हात दिसला की मी मागून जातो, पिकअपचा बंपर टेकवतो आणि ढकलायला लागतो. तेलाचा दाब चढला की तो खटका ओढतो, इंजिन पेटतं आणि गाडी निघून जाते. शर्यतीत गिरकी घेऊन बंद पडली तर पुन्हा हात, पुन्हा मी.

"म्हणजे तुम्ही नसाल तर शर्यतच नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, ते मी कसं म्हणू. पण बरं वाटलं.

हे काम मला म्हाताऱ्या बर्ट कुंकेलने शिकवलं, एकतीस वर्षांपूर्वी. त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. गाडीवर आदळायचं नाही, टेकवायचं. आणि हात कुणाचा आहे ते बघायचं नाही. अर्लिस माझ्या शेजारी बसायची, कारण तिची नजर माझ्यापेक्षा तेज होती. "एमेट, हात," एवढंच म्हणायची. आता मीच दोन्हीकडे बघतो, आणि एखादा हात उशिरा दिसतो.

कोरीन पहिली आली. सात नंबर, वरच्या कडेने, भिंतीला घासून. तिला वेगळं चालवता येतच नाही.

शनिवार, २९ मे

आजचं लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

ड्वेनची पहिली शर्यत गेल्या आठवड्यात झाली. म्हणजे नियमाप्रमाणे तो निलंबित. तरी तो आज लुडेनबर्गला आला. बॉनेटवर स्वतःच्या संघटनेचा निळा स्टिकर लावून गाडी रांगेत आणली आणि आत बसून पट्टे आवळले. हार्लन माझ्या खिडकीशी आला. तो ओरडला नाही. म्हणाला, "एमेट, तिसऱ्या गाडीतला हात तुला दिसलेला नाही."

मी पहिली गाडी ढकलली, दुसरी ढकलली. मग तिसरीच्या बाजूने पिकअप काढली आणि चौथीच्या मागे लावली. ड्वेनने हात खाली घेतला नाही. एकेक करून सगळ्या गाड्या सुरू झाल्या, शर्यत सुरू झाली, आणि तो तिथेच हात वर करून बसला होता. चार-पाच फेऱ्या तरी झाल्या असतील. स्टँडमधले लोक शर्यत सोडून त्याच्याकडेच बघत होते. शेवटी त्याच्या पोरांनी गाडी हाताने ढकलत बाहेर नेली.

हा ड्वेन सतरा वर्षांचा असताना त्याची पहिली गाडी मीच ढकलली होती. खटका ओढायला विसरला होता. अख्खी एक फेरी ढकलत नेलं होतं त्याला.

परतताना कोरीनने इतकंच विचारलं, "तुला दिसला होता ना?" मी म्हणालो, नियम आहे. तिने रेडिओ मोठा केला आणि घर येईपर्यंत पोल्काची नाचगाणी ऐकत बसलो.

शुक्रवार, ११ जून

चर्चच्या हॉलमध्ये शुक्रवारचा तळलेला मासा. एकटाच गेलो. कोरीनला हल्ली शुक्रवारी हॉस्पिटलात ड्यूटी लागते. ती बारा वर्षांची असल्यापासून आम्ही शुक्रवार चुकवला नव्हता. अर्लिस गेली त्या आठवड्यातसुद्धा गेलो होतो. मासा खाल्ला आणि आलो. हॉस्पिटलवाल्यांना माणसाच्या सवयींची काही किंमत नाही.

ल्युसिल माझ्या समोर येऊन बसली. हॉल अर्धा रिकामा होता, पण खिडकीजवळ वारं लागतं म्हणाली. खिडक्या बंद होत्या. तिने तिची अर्धी कोबीची कोशिंबीर मला दिली. तिला ती आवडत नाही म्हणे. मग घेते कशाला?

रविवार, २० जून. फादर्स डे

कालची शर्यत पुन्हा पावसात गेली. या वर्षी आभाळ फाटलंय, नद्या रस्त्यावर आल्यात. शुक्रवारी मात्र आश्चर्य म्हणजे कोरडं असतं. ड्वेनचं नशीब.

कोरीनने मला पिकअपसाठी नवी गादी आणली, शेजारच्या सीटची. मी म्हणालो, तिथे कोण बसतंय? ती म्हणाली, बसेल कुणीतरी.

दुपारी तिची गाडी धुतली. रविवारी ती गाडी इकडे आणते आणि धुवायचं काम माझं, असं पहिल्यापासून आहे. तळाच्या पत्र्याखाली लाल चिकणमाती बसली होती, खरवडून काढावी लागली. लुडेनबर्गची माती तर काळी. कोरीन म्हणाली, हॉस्पिटलच्या मागचा रस्ता खणलाय, ट्रेलर तिकडून आणला. असेल. आणखी एक, सात आकड्याच्या अलीकडे चिकटपट्टीचा डिंक उभा लागलेला आहे. रॉकेलनेही पूर्ण जात नाही. तिला सांगितलं, चिकटपट्टी घ्यायचीच तर चांगली घे, ही स्वस्तातली कामं नकोत. ती हो म्हणाली. एरवी असलं बोललं की लगेच अंगावर येते.

गुरुवार, ८ जुलै

चौथा जुलै होऊन गेला. ड्वेनने गाशा गुंडाळलेला नाही.

ल्युसिल चेरीचा पाय घेऊन आली. येताना वाटेत घर लागलं म्हणाली. तिचं घर उत्तरेला, दुकान त्याच्याही उत्तरेला. असो. बोलता बोलता तिने सांगितलं की भाच्याबरोबर ती टिश बेला शर्यत बघून आली. मी म्हणालो, क्लबच्या पदाधिकाऱ्याला हे शोभत नाही.

"बघायलाही बंदी आहे का?" ती म्हणाली. "तसा नियम करायला तुझा हात कधी वर गेला असेल तर सांग, मी नव्हते त्या दिवशी."

मग म्हणाली, तिकडे सतरा नंबरवर कुणी नवीन आहे. नाव यादीत नुसतं आद्याक्षरात आहे. वरच्या कडेने भिंतीला घासून जातो, अगदी आपल्या कोरीनसारखा. मी म्हणालो, कोरीनसारखं कुणी चालवत नाही, नक्कल करत असेल. ल्युसिलने माझ्याकडे बघितलं आणि न विचारता मला पायचा दुसरा तुकडा वाढला.

शनिवार, १७ जुलै

नऊ गाड्या. लुडेनबर्गला नऊ. माझ्या एकतीस वर्षांत असं झालेलं नाही. निम्मे लोक सरळ ड्वेनकडे गेलेत, उरलेल्यांतले काही निलंबित. हार्लन माइकवर म्हणाला, क्लबला दर्जा हवा, गर्दी नको. गर्दी नव्हतीच.

कोरीन पहिली आली. या वर्षी गुणांत ती सर्वांत पुढे आहे. आणखी सहा शर्यती अशा गेल्या तर क्लबची विजेती होईल. व्हॅलीत आजवर एकही बाई विजेती झालेली नाही. अर्लिसने हे बघायला हवं होतं. पण पोरीचा चेहरा असा की कुणीतरी दंड ठोठावलाय. ट्रॉफी तिने पिकअपच्या मागे साखळदंडाशेजारी टाकली. मी ती उचलून पुढे गादीवर ठेवली.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

आज मजा झाली. अर्लिसच्या बहिणीचा फोन आला, कोरीनला निरोप द्यायचा होता, म्हणून मी हॉस्पिटलात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, कोरीन? शुक्रवारी? तिने जूनपासून शुक्रवारच्या ड्यूट्या बदलून घेतल्यात.

मी फोन ठेवला आणि पाच मिनिटं डोकं चालेना. मग लख्ख कळलं. कुणीतरी आहे. पोरीला कुणीतरी भेटलंय! घटस्फोटाला पाच वर्षं झाली, आता कुठे. म्हणूनच शनिवारी सकाळी तिचा चेहरा उजळलेला असतो आणि रात्रीपर्यंत उतरतो. आणि मला सांगत नाही, कारण मागच्याच्या वेळी मी जे बोललो ते बोललो.

या वेळी मूग गिळून बसणार. सांगेल तेव्हा सांगेल. हॉलमधली वर्तमानपत्रं आवरली, टेबलासाठी नवीन कापड आणलं. दुकानात ल्युसिल भेटली, तिने निळं निवडून दिलं. पाहुणा कोण येणार म्हणून विचारलं. मी म्हणालो, आहे एक. ती लगेच पैसे द्यायला निघून गेली.

मंगळवार, १७ ऑगस्ट

हार्लन आला. त्याने टेबलावर तालुक्याचं साप्ताहिक ठेवलं, शेवटचं पान वर. टिश बेच्या शर्यतीचा फोटो, मागून घेतलेला. सतरा नंबर वळणावर, मागची दोन्ही चाकं आडवी घसरलेली.

मी गाडीकडे नाही, मागच्या बंपरकडे बघितलं. तो मी केलेला आहे. चीज फॅक्टरीतून निवृत्त झालो त्या वर्षी दुधाच्या जुन्या नळाचा तुकडा घरी आणला होता. स्टेनलेस, कधी गंजत नाही. तो वाकवून मी कोरीनच्या गाडीला लावला. डाव्या बाजूला माझ्या वेल्डिंगची गाठ जरा जाड आलीय. तसा बंपर अख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये दुसरा नाही. एकतीस वर्षं मी गाड्यांचे मागचेच भाग बघतोय, तोंडावरून मला एकही ओळखता येत नाही, पण मागून एकही चुकत नाही.

लाल माती. डिंक. सातच्या अलीकडे उभी पट्टी लावली की सतरा. मी गाढव आहे.

ही कुणाची गाडी, असं हार्लनने विचारलंच नाही. त्याने पत्र काढलं आणि पेन पुढे केलं. निलंबनाला दोघांच्या सह्या लागतात, अध्यक्षाची आणि उपाध्यक्षाची. त्याची झालेली होती. मी म्हणालो, उद्या. तो म्हणाला, "एमेट, ड्वेनच्या वेळी तू उद्या म्हणाला नव्हतास."

पाहुणा नव्हताच. टेबलावरचं कापड काढून कपाटात ठेवलं.

बुधवार, १८ ऑगस्ट

कोरीनला बोलावलं. तिने फोटो बघितला आणि खुर्ची ओढून बसली. खोटं बोलली नाही.

मी म्हणालो, नियम माहीत होता ना? ती म्हणाली, माहीत होता, तुझ्याच मताने झाला. मी म्हणालो, विजेतेपद हातात आलेलं होतं, व्हॅलीतली पहिली बाई झाली असतीस, ते घालवलंस.

"नऊ गाड्यांत पहिली येऊन मी काय करू, बाबा?" ती म्हणाली. "तिकडे वीस गाड्या असतात. तिकडे मी नववी येते, बारावी येते. पण गाडीतून उतरते तेव्हा माझे हात थरथरत असतात. इकडे उतरते तेव्हा काहीच वाटत नाही."

मी विचारलं, मला सांगायचं तर होतंस. तिने माझ्याकडे बघितलं. "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी म्हणालो, सही.

"मग? मे महिन्यात ड्वेन हात वर करून बसला होता. त्याच्या मागच्या गाडीत मी होते. तू त्याला सोडून सरळ माझ्या मागे आलास आणि मला ढकललंस. मला तेव्हाच उतरायला हवं होतं. नाही उतरले. पुढच्या शुक्रवारी टिश बेला गेले."

चौथ्या गाडीत कोण होतं ते मला आठवतच नव्हतं. हात कुणाचा ते बघायचं नाही, ही सवय. एकाचा तेवढा बघितला.

शनिवार, २१ ऑगस्ट

काल सही केली. दुसऱ्याच्या पोराला लावला तो नियम स्वतःच्या पोरीला लावला नाही, तर मी कसला माणूस? हे मी तीन वेळा मनात घोळवलं आणि तिन्ही वेळा बरोबरच वाटलं.

आज ती लुडेनबर्गला आली. सात नंबर, पट्टी नाही, काही नाही. गाडी रांगेत आणली, पट्टे आवळले, हात वर केला. रांगेत एकूण सहा गाड्या, ती पहिली. हार्लन कुंपणाजवळ उभा होता. या वेळी तो माझ्या खिडकीशी आला नाही.

मी तिच्या मागे वीस फुटांवर होतो. पुढे जाऊन टेकवणं मला जमलं नाही, आणि बाजूने निघून जाणंही जमलं नाही. मी चावी फिरवून पिकअप बंद केली आणि चाकावर दोन्ही हात ठेवून बसून राहिलो. मागचे पाच हात वर गेले असतील, मी आरशात बघितलंच नाही. दहा मिनिटं कुणी हललं नाही. शेवटी कोरीनने हात खाली घेतला, पट्टे सोडले आणि उतरली. मागच्या गाड्यांचे ड्रायव्हरही एकेक करून उतरले आणि सगळ्यांनी मिळून तिची गाडी ढकलत बाहेर नेली. ती माझ्या खिडकीजवळून गेली, पण बघितलं नाही.

मी रडलो, पिकअपमध्येच. एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

शनिवार, २८ ऑगस्ट

चार गाड्या. हार्लनने हंगाम संपल्याचं जाहीर केलं. विजेता म्हणून कुणाचं नाव घ्यायचं ते ल्युसिलला विचारलं. तिने फेऱ्यांची वही आणि घड्याळ त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "तूच बघ, हार्लन. मला कोरीनच दिसते." बावीस वर्षांनी तिचा राजीनामा एवढाच.

सगळे गेल्यावर हार्लनने गेटला कुलूप लावलं. हे गेट त्याच्या बापाने उभारलेलं आहे. कुलूप लावून झाल्यावर त्याने ते दोनदा ओढून बघितलं. मला त्याचा राग येत होता, पण त्या क्षणी नाही आला. मी म्हणालो, घरी चल, कॉफी घेऊ. तो नको म्हणाला. मी उपाध्यक्षपद सोडतोय असं सांगितलं. त्यावर तो फक्त मान हलवून हो म्हणाला.

कोरीनचा फोन नाही. मीही केला नाही. रविवारी गाडी धुवायला येणार नाही, हे न सांगता कळलंय.

गुरुवार, २ सप्टेंबर

ल्युसिल आली. सोबत पाय आणला नव्हता, म्हणजे काहीतरी गंभीर. उद्या टिश बेला वर्षातली शेवटची शर्यत आहे आणि ड्वेनकडे ढकलायला एकच ट्रॅक्टर उरलाय, भाच्याने सांगितलं म्हणे. ट्रॅक्टर गाड्यांवर आदळतो. मागच्या आठवड्यात एकाचा बंपर मोडला.

मी म्हणालो, मला काय त्याचं. ती म्हणाली, काहीच नाही, मी नुसतं सांगितलं. मग जाता जाता दारातून म्हणाली, "मी साडेचारला तयार असेन."

शनिवार, ४ सप्टेंबर

कालचं आज सकाळी लिहितोय.

साडेचारला ल्युसिलला घेतलं. ती नव्या गादीवर बसली आणि म्हणाली, छान आहे. वाटेत मी विचारलं, मी तिथे जाऊन बोलू काय? ती म्हणाली, तुला कुठे बोलता येतं, तू गाडी चालव.

टिश बेची माती लालभडक आहे. गेटवर ड्वेन स्वतः होता, शर्यतीचे कपडे घालून. त्याने माझी पिकअप ओळखली, पुढचा लाकडी बंपर आणि त्याला गुंडाळलेले टायर बघितले. दारावरचा केटल व्हॅली क्लबचा स्टिकरही बघितला. मी खिडकी खाली केली. येताना चाळीस मैल जे जुळवलं होतं त्यातलं एकही आठवेना.

"एकोणतीस मेला," मी म्हणालो, "तुझा हात मला दिसला होता."

"माहीत आहे," ड्वेन म्हणाला. "तुम्ही मान वळवलीत तेव्हाच कळलं."

"चूक झाली माझी."

मागे दोन ट्रेलर थांबले होते, त्यातल्या एकाने हॉर्न वाजवला. मी दारावरचा स्टिकर नखाने सोलायला लागलो. ड्वेन म्हणाला, "राहू द्या तो. इथे कुणी बघत नाही. ट्रॅक्टर डावी रांग घेईल, तुम्ही उजवी घ्या." आणि तो मागच्या ट्रेलरकडे गेला.

बावीस गाड्या होत्या. उजव्या रांगेत अकरा. पिकअप लावली, खिडक्या खाली केल्या. समोर धूळ, तेलाचा वास, तळलेल्या कांद्याचा वास. हे सगळं लुडेनबर्गलाही असायचं, पण कधी संपलं ते मला कळलंच नव्हतं.

"एमेट, हात," ल्युसिल म्हणाली.

मी दचकलो. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. कदाचित बावीस वर्षं फेऱ्या मोजायच्या वरच्या खोलीतून तिला सगळं ऐकू येत असेल. हात ड्वेनचा होता. मी गेलो, टेकवलं, ढकललं. या वेळी खटका ओढायला तो विसरला नाही.

"हात."

पाचवी, सहावी, सातवी. आठव्या गाडीचा मागचा बंपर उन्हात चमकत होता. डाव्या बाजूला जाड गाठ. आकडा सात, आणि त्याच्या अलीकडे डिंकाची उभी रेघ, जी मला रॉकेलनेही काढता आली नव्हती. हात वर होता. मिजेटमध्ये ड्रायव्हरला मागे वळून बघता येत नाही, पट्टे आणि डोक्याचा आधार वळू देत नाही. मागे ट्रॅक्टर आहे की कोण, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

मी दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू गेलो आणि बंपर टेकवला. म्हाताऱ्या बर्टने शिकवलं तसं, आवाज न होता. तिचा हात खाली यायला हवा होता. तो तसाच वर राहिला, जरा जास्तच वेळ. मग खाली आला आणि मी ढकललं. इंजिन पेटलं आणि ती निघून गेली.

शर्यतीत ती एकदा गिरकी घेऊन थांबली, तेव्हाही मीच गेलो. नंतर सगळं आवरत असताना मी पिकअपमध्येच बसून होतो. खाली उतरून काय बोलावं ते ठरत नव्हतं. ल्युसिल म्हणाली, उतरू नकोस, थांब. तेवढ्यात दार उघडलं आणि कोरीनने आत वाकून माझ्या मांडीवर कागदाची गरम पुडी ठेवली. तळलेला पर्च मासा, राय धान्याचा पाव, कोबीची कोशिंबीर. तीन माणसांचं.

"शुक्रवार आहे," ती म्हणाली. "आज ड्यूटी नाही."

ती आत चढली. ल्युसिल मध्ये सरकली, म्हणजे जवळजवळ माझ्या अंगावरच. जागाच तेवढी आहे. तिघांनी हातानेच खाल्लं. ल्युसिलने तिची कोशिंबीर मला दिली. मी कोरीनला विचारलं, मागे मीच आहे हे तुला केव्हा कळलं?

"ट्रॅक्टर आदळतो," ती म्हणाली. "तू टेकवतोस."

मग ती बराच वेळ सांगत होती, तिसऱ्या वळणावर काय झालं, कुणी कुणाला दाबलं. बोलताना मासा धरलेले तिचे हात थरथरत होते. निकालाचं मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं.

बावीस गाड्यांत चौथी.